गाडीखालचं शेवाळ

आमच्या गाडीत हीटर आहे हे मला आठ वर्षांनी कळलं. तेही अंबाडी रोडच्या उड्डाणपुलावर, शनिवारी सकाळी साडेदहाला, ऑक्टोबरच्या उन्हात. वसईच्या किनाऱ्यावर, आमच्या भुईगावात हीटर कोण लावतो? ते लाल-निळं गोल बटण कायम निळ्याच्या टोकाला असायचं आणि मी त्याच्यावरून फक्त फडकं फिरवायची.

पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. मागच्या सीटवर हे नेहमीसारखे आडवे बसले होते, पाठ एका दाराला टेकून आणि उजवा पाय सीटवर लांब करून. गेल्या वर्षी न्हाणीत पडले, मांडीत सळई घालावी लागली, तेव्हापासून गुडघा दुमडत नाही. त्यामुळे रिक्षा बंद. ॲपवरची टॅक्सी एकदा बोलावली होती. तो ड्रायव्हर यांचा पाय बघून गल्लीतूनच परत गेला. किडन्या जाऊन पाचवं वर्ष. मंगळवार, गुरुवार, शनिवार अकरा वाजता वसई पूर्वेच्या डायलिसिस सेंटरवर पोचायचं, चार तास मशीन लावायचं, आणि घरी यायचं. एवढ्यासाठीच मी सत्तेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले.

"अहो, काटा वर चाललाय," मी म्हटलं.

"कुठला?"

"तापाचा."

"लाल रेघेपासून किती लांब?"

"टेकला."

मला सगळ्यात आधी रस्त्यात पेटलेल्या गाड्यांचे व्हिडिओ आठवले. हेमाली, आमची मुलगी, पाठवत असते, काळजी घ्या म्हणून. आणि मग मागे बघितलं. दार उघडून, पाय उचलून, यांना बाहेर काढायला मला एरवी पाच मिनिटं लागतात, तीही शेजारी कोणी हात लावला तर.

मी प्लासिडभाऊंना फोन लावला, स्पीकरवर. प्लासिडभाऊ आमच्या मागच्या गल्लीत राहतात. मूळचे पाचूबंदरचे. बोटींची इंजिनं खोलता-जोडता मोठे झाले, लग्न करून बर्थाबाईंच्या घरी भुईगावात आले आणि मग तीस वर्षं वालीवच्या गॅरेजांत काम केलं. आता घरीच असतात आणि गावातल्या गाड्या बघतात.

"भाऊ, मी मथुरा. काटा लाल रेघेला टेकलाय."

"कुठं आहात?"

"पुलावर. पुढे-मागे गाड्या."

"एसी?"

"यांना सोसत नाही. बंदच आहे."

"बरं. आता ऐका. ते लाल-निळं बटन आहे ना, ते पार लालवर फिरवा. पंखा चारवर. काचा खाली."

मागून हे म्हणाले, "प्लासिड, अरे ऑक्टोबर आहे. मला भाजून खायचाय का?"

"तुळशीदासभाऊ, तुम्ही गप बसा. वहिनी, हवा कशी येतेय?"

मी तळहात जाळीसमोर धरला. स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसत होता, आणि त्या जाळीतून मात्र माठाजवळ हात धरावा तशी हवा येत होती. मला बरं वाटायला हवं होतं. हातावर काटा आला.

"गार," मी म्हटलं.

पलीकडे हत्यारं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"नक्की गार? का कोमट?"

"गारच आहे भाऊ."

"इंजिन बंद करा. आत्ता, आहात तिथंच. पुढच्या झाकनाला कोनी हात लावायचा नाय. मी निघालो."

मी चावी फिरवली. पुढून सीऽऽ असा बारीक आवाज यायला लागला, आणि बॉनेटच्या फटीतून वाफेची एक रेघ. मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. ट्रॅफिकचा हवालदार चालत वर आला.

"ताई, पुलावर गाडी बंद करतात का?"

"बंद करायला सांगितली."

"कोणी?"

"मेकॅनिकने."

"मग ढकलायला पण त्यालाच बोलवायचं ना."

पण माणूस चांगला होता. मागे बघितलं, यांच्या हातावरची, मशीनच्या सुया टोचायची, फिस्टुलाची फुगलेली शीर बघितली, आणि दोन रिक्षावाल्यांना हाक मारली. तिघांनी ढकलत गाडी उताराच्या कडेला आणली. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो हेही मला त्या दिवशीच कळलं. मी दोन्ही पायांनी दाबून धरला होता. तोंडात देवाचं नाव होतं, पण ओठ हलत नव्हते.

प्लासिडभाऊ स्कूटरवर पाण्याचा कॅन घेऊन पोचले तेव्हा पावणेबारा झाले होते. तेवढा वेळ हे उन्हात बसून होते. मध्ये एकदा पाणी मागितलं. यांना दिवसाला सातशे मिली पाणी, चहा-आमटी धरून. मी बाटलीच्या झाकणाने दोन झाकणं दिली. त्यांनी ती जिभेवर फिरवली आणि हळूहळू गिळली. गाडी निवल्यावर भाऊंनी झाकणावर ओलं फडकं टाकलं, ते अर्धं फिरवलं, वाफ जाऊ दिली, आणि मग रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. एक लिटर, दोन लिटर, साडेतीन लिटर.

"हिला मोजून नाही वाटतं," हे म्हणाले.

भाऊ हसले नाहीत. "रेडिएटरच्या बाजूच्या बाटलीत पानी दिसत होतं, आनि आत रेडिएटर रिकामा. वहिनी, हीटर म्हन्जे दुसरं काय नसतं. इंजिनाचं गरम पानी या डॅशबोर्डमागच्या बारक्या रेडिएटरमधून फिरतं, त्याची हवा. म्हनून गाडी तापली की हीटर लावायचा. गरम हवा आली तर समजायचं पानी फिरतंय, हळूहळू घर गाठता येतं. गार आली तर आत पानीच नाय. मग काट्यावर पन भरवसा ठेवायचा नाय."

सेंटरवर पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. मशीन दुसऱ्या पेशंटला दिलं होतं. तीननंतर दोन तास मिळाले, चारांऐवजी. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, समजावून बोलतात. म्हणाल्या, "काकू, अर्धंच पाणी निघालंय. आता मध्ये रविवार, सोमवार, मोठी गॅप आहे. पाणी पाचशेवर आणा. आणि मंगळवार काही झालं तरी चुकवायचा नाही. छातीत पाणी भरलं तर फार वेळ मिळत नाही."

त्यांनी ते यांच्यासमोरच सांगितलं. हे छताकडे बघत होते.

आमची वाडी छोटी आहे. केळी, नारळ, थोडी अळूची पानं, दोन सोनचाफे. केळं आणि शहाळं, पोटॅशियममुळे, यांना दोन्ही बंद. ज्या वर्षी ते बंद झालं, त्या वर्षीच्या आषाढी एकादशीला मी गोपद्मांचं व्रत धरलं. चातुर्मासभर रोज तुळशीपुढे गाईच्या पावलांची तेहेतीस रांगोळीची पद्मं काढायची, पाच वर्षं, आणि मग उद्यापन. यंदा पाचवं. त्या रविवारी कार्तिकी एकादशीला बावीस दिवस उरले होते. बायका घरात पाटावरही काढतात. मी अंगणात काढते, आधी सगळं अंगण सडा घालून खराट्याने घासून. पाऊस गेला तरी आमच्याकडे लाद्यांवर हिरवं धरतंच, आणि गाडी उभी असते तिथे तर सावलीमुळे जास्तच. तेवढ्या जागी मी खराटा गाडीखाली सरकवून जोर लावून घासते. आणि अंथरुणातून उठल्यापासून तेहेतिसावं पद्म पुरं होईपर्यंत बोलायचं नाही. हे पोथीत नाही. माझं मीच लावून घेतलेलं, यांच्यासाठी. पाच वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं.

रविवारी प्लासिडभाऊ चर्चमधला मिस्सा आटोपून आले. अंगावर इस्त्रीचा शर्ट होता, तो काढून फाटकाला टांगला. गाडी तुळशीच्या डाव्या हाताला नेहमीच्या जागी होती.

"कालपासून अर्धा लिटर कमी झालंय," झाकण उघडून ते म्हणाले. त्यांनी पाणी भरलं, इंजिन सुरू केलं, झाकण उघडंच ठेवून बराच वेळ बुडबुडे येऊ दिले. मग मला आत बसवून म्हणाले, "लावा हीटर."

गरम हवा आली. तोंडावर भट्टीसारखी.

"बघा. पंप फिरतोय, नळ्या मोकळ्या आहेत, थर्मोस्टॅट उघडतोय. हीटरचा काय दोष नाय. पानी कमी पडलं म्हनूनच तो गार होता. आता प्रश्न एकच. पानी जातंय कुठं?"

मग त्यांनी शोधायला घेतलं. नळ्या एकेक करून चाचपल्या. रेडिएटरवरून बोटं फिरवली आणि वास घेतला. माझ्या शेजारच्या सीटच्या पायाखालची चटई उचलून खाली हात दाबला. तेल घालायचं झाकण काढून उलटं केलं आणि उजेडात धरलं. गाडीखाली गोणपाट टाकून झोपले, टॉर्च मारला, कोरडेच उठले.

"वहिनी, सकाळी गाडीखाली ओघळ, डाग काय दिसतो?"

"नाही भाऊ."

ओसरीवर बसलेले हे म्हणाले, "हिच्या अंगणात डाग? पान वाढून घे हवं तर."

"नक्की? हा एक मोठा मुद्दा आहे."

"रोज पहाटे मीच झाडते," मी म्हटलं. "तेलाचा एक ठिपका नसतो."

त्यांनी अंगणाकडे बघितलं. खरंच आरशासारखं होतं. मग ते फाटकाजवळच्या दगडावर बसले आणि हात पुसत राहिले. मला ते आवडलं नाही. वाईट सांगायच्या आधी माणूस असा हात पुसतो.

"पानी खाली पडत नसेल तर आत जातंय. हेड गॅस्केट असेल, म्हन्जे इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग. आत इंजिनात जळतंय थोडं थोडं. तेलात उतरलेलं नाय अजून, ते देवाचं देनं. पन मी इथं अंगनात ते खोलू शकत नाय. वालीवला न्यायला लागेल. हेड काढायचं, घासून आनायचं. चार दिवस धरा."

"मंगळवार आहे भाऊ."

"माहीत आहे."

"पाणी भरून भरून नाही नेता येणार? एकदाच?"

"बोटीला चाललं असतं. तिथं समुद्रच आहे खाली. इथं सगळं पाच लिटरात भागवायचं. गॅस्केट असेल तर पुलावर मध्येच संपेल, आनि या वेळी मी पन काय करू शकनार नाय. तुळशीदासभाऊ मागं, पाय असा. नाय वहिनी. मी हो म्हननार नाय."

त्यांनी रेडिएटरमध्ये अर्धा लिटर पोपटी रंगाचं कूलंट ओतलं, नुसत्या पाण्याने गंज धरतो म्हणून. गाडी ओढून नेणाऱ्या टोचनवाल्याला सोयीचं व्हावं म्हणून गाडी फिरवून फाटकाकडे तोंड करून लावली, मे महिन्यात बसवलेल्या नव्या लाद्यांवर. टोचन सोमवारी पहाटे येणार होतं, हायवेवरची गर्दी सुरू व्हायच्या आत.

दुपारभर मी फोन करत होते. यांचा पुतण्या भूपेश गाडी घेऊन नाशिकला गेलेला, बुधवारी येणार. एका ॲम्ब्युलन्सवाल्याने सांगितलं, मंगळवारी सकाळी फोन करा, तेव्हा कळेल. दुसऱ्याने उचललाच नाही. हेमाली बडोद्याला असते, ती फोनवर रडायला लागली, मग तिलाच समजवावं लागलं.

संध्याकाळी यांच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि भरून यायला वेळ लागला. उशीला एक उशी जोडली, मग दुसरी. "आडवं झालं की कोणी छातीवर बसल्यासारखं वाटतं," म्हणाले, आणि लगेच, "प्लासिड तर नाही ना बसला, बघ." मी हसले. यांचे श्वास मोजत होते. मिनिटाला सव्वीस.

सोमवारी पहाटे वजन केलं. शनिवारपेक्षा दोन किलो नऊशे जास्त. मी काटा परत बघितला नाही. बादली, खराटा आणि रांगोळीची वाटी घेऊन अंगणात आले. झुंजुमुंजू झालं होतं. नेहमीसारखी गाडीच्या बाजूने सुरुवात करायची म्हणून खाली वाकले.

गाडीखाली शेवाळ होतं.

बशीएवढा हिरवट ओला गोल, पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला. मी बादली हातात धरून तशीच उभी राहिले. या लाद्यांवर कधी शेवाळ धरलेलं नाही, दिवसभर ऊन असतं इथे. आणि शेवाळ एका रात्रीत येत नाही. पाच पावसाळे मी हे अंगण घासतेय. मला दुसरं काही कळत नसेल, शेवाळ कळतं.

मी बोट बुडवलं. बुळबुळीत. बोट उजेडाकडे धरलं तर पोपटी, काल भाऊंच्या नरसाळ्यात होतं तसं.

तुळशीजवळच्या जुन्या जागेकडे बघितलं. महिनाभर तरी, रोज सकाळी, बोलायचं नाही म्हणून तोंड मिटून, मी तिथलं हिरवं घासून नाल्यात लोटत होते. भाऊंनी विचारलं तेव्हा मला तेल आठवलं, शेवाळ आठवलं नाही. पाण्याच्या बादलीची मला भीती वाटायला लागली. मी ती लांब, पायरीवर नेऊन ठेवली.

तेवढ्यात गल्लीत पिवळा दिवा फिरला. टोचनची गाडी फाटकात उलटी लागली, आणि एक धिप्पाड माणूस उतरला.

"मावशी, मी हितेश. प्लासिड अंकलनी सांगितलंय. हीच ना?"

मी हात आडवा केला. गाडीखाली बोट दाखवलं.

"हां हां, रांगोळी. नाही लागणार रांगोळीला काय. सांभाळून काढतो." त्याने साखळी खाली ओढली.

मी जोरजोराने मान हलवली, त्याच्या आणि गाडीच्या मध्ये जाऊन उभी राहिले, परत खाली दाखवलं.

"चप्पल काढू का?" त्याने विचारलं. "मावशी, बोलत नाय का तुम्ही?"

खिडकीतून यांचा आवाज आला, दमलेला, वाक्यात दोनदा थांबत. "ती मौनात आहे रे. तेहेतीस पुरी होईपर्यंत... बोलणार नाही. तू घेऊन जा... गाडी."

हितेशने साखळीचा आकडा गाडीखाली घातला. खळकन आवाज झाला. अंगणात एकही पद्म नव्हतं. पाचवं वर्ष, एकवीस दिवस बाकी. ज्याच्यासाठी धरलं तो माणूस खिडकीत बसून श्वास ओढत होता. गाडी एकदा वालीवला गेली की चार दिवस येणार नव्हती, आणि मी आता मौन मोडलं तर तो पाच वर्षांचा हिशेब कोण, कसा मांडणार होतं, मला माहीत नव्हतं. अजूनही नाही.

"थांबा," मी म्हटलं. "गाडी नेऊ नका."

हे खिडकीच्या गजाला धरून पुढे झुकले.

"प्लासिडभाऊंना फोन लावा. त्यांना म्हणावं, पाणी खाली पडतंय. मी धुऊन टाकत होते."

भाऊ लुंगीवरच आले, स्कूटर चालू ठेवून. गाडीखाली झोपले, आरसा आणि टॉर्च घेऊन. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग आतून आवाज आला.

"वहिनी, वाकून बघा. घाबरू नका."

आरशात एक बारीक भोक दिसलं, आणि त्याच्या तोंडाशी पोपटी थेंब. तो मोठा होत गेला, लोंबला, पडला.

"हा वॉटर पंप. आतलं सील गेलं की इथून गळतं, इशारा म्हनून ठेवलेलंच असतं हे भोक. इंजिन गरम असताना थेंब पडायच्या आधी सुकतो, म्हनून काल मला सापडला नाय. निवलं की रात्रभर गळतो. सकाळी खाली डाग असतो." ते बाहेर सरकले, उठून बसले, माझ्याकडे बघितलं. "आनि तुम्ही पुरावा धुवायच्या."

"मला वाटलं शेवाळ."

"बर्थाला सांगतो, जास्त साफसफाई बरी नाय. ऐकनार नाय ती." मग माझं तोंड बघून आवाज उतरवला. "वहिनी, गॅस्केट नाय. निदान दिसत तरी नाय. पंप बदलून बघू, इथंच अंगनात. संध्याकाळपर्यंत."

"आणि नसेल तर?"

भाऊ उठले. हितेशला पंप आणायला वालीवला पिटाळलं.

मी पद्मं काढायला बसले तेव्हा ऊन वर आलं होतं. सडा घातला नाही. खुरं वेडीवाकडी आली. एकोणीस झाली आणि मोजणी चुकली, परत पहिल्यापासून मोजली.

दिवसभर अंगणात पाने-हातोड्यांचा आवाज. पट्टा निघाला, जुना पंप निघाला. सीलच्या जागी हिरवट-पांढरा थर साचला होता. चार वाजता नवा बसला. भाऊंनी इंजिन तासभर चालू ठेवलं. मी आत बसून हात जाळीसमोर धरून होते. गरम, गरम, मध्ये एकदा कोमट वाटली आणि मी भाऊंना हाक मारली, पण ती आत अडकलेली हवा होती, भाऊंनी रेडिएटरची वरची नळी दाबून दाबून काढली. परत गरम. काटा मधोमध.

"आता सकाळी सांगेन," म्हणाले, आणि गाडीखाली जुना पेपर अंथरून चार दगड ठेवले.

त्या संध्याकाळी यांनी पाण्याचा शेवटचा घोट परत केला. नको म्हणाले. तीन उशांवर बसूनच डोळे मिटले.

मंगळवारी पहाटे मी सड्याच्या आधी, तुळशीला हात जोडायच्याही आधी, पेपर ओढून काढला. तळहात सगळीकडे फिरवला. कोरडा. उलटा करून परत फिरवला. मग तेवढी जागा सोडून बाकीचं अंगण घासलं, तेहेतीस पद्मं काढली, तोंडातून शब्द न काढता.

नऊलाच निघालो. श्वास अठ्ठावीस होता. भाऊ आमच्या मागे स्कूटरवर, हँडलला पाण्याचा कॅन. पापडी गावापर्यंत काटा ठीक. अंबाडी रोडच्या वळणावर गाड्या दिसल्या, पुलावर परत तीच रांग. मी काटा बघत होते, आरशात यांना बघत होते, परत काटा.

रांगेत थांबल्या थांबल्या मी ते बटण पार लालवर फिरवलं. पंखा चारवर. काचा खाली.

"आज... तापली नाहीये ना ती?" हे म्हणाले.

"नाही."

"मग मला का शिजवतेस?"

"गरम येतेय ना बघतेय."

"येतेय. घाम येतोय मला... मिठागरात बसल्यासारखा." थोडं थांबून श्वास घेतला. "काल तू बोललीस."

"हो."

"पाच वर्षं... बावीस दिवसांवर आली होती."

"एकवीस."

पुढची गाडी दोन हात सरकली. मी सरकले. काटा मधोमध होता. हवा इतकी गरम की डोळ्यांत पाणी येत होतं.

"मग आता?"

"पुढच्या आषाढीपासून परत पहिलं वर्ष," मी म्हटलं. "पाच."

आरशात त्यांनी डोळे उघडले. "म्हणजे मला... अजून पाच वर्षं मरायची सोय नाही."

"नाही."

त्यांनी पाय हाताने उचलून जरासा नीट केला. पूल उतरेपर्यंत मी हीटर बंद केला नाही. सेंटरच्या दारात वॉर्डबॉय खुर्ची घेऊन आला तेव्हा आम्ही दोघंही घामाने निथळत होतो, आणि दहाला पाच कमी होते.

त्यांना आत घेतलं. काचेच्या दारातून दिसलं, सुया लागल्या, मशीनचा दिवा हिरवा झाला. डॉक्टरीणबाईंनी मला हाताने बसायची खूण केली.

मी बसले नाही. बाहेर पार्किंगमध्ये गेले, पदर खोचला, आणि गाडीशेजारी गुडघ्यांवर वाकले.

"काय पडलं काय, ताई?" वॉचमनने विचारलं.

मी गाडीखालच्या फरशीवर तळहात टेकवला. धूळ, थोडी वाळू. हात काढून बघितला, परत टेकवला.

"नाही," मी म्हटलं. "काही नाही पडलं."